घर ऑनलाइन विकायला काढताय? आधी चुकीचे फोन कमी करा

माझं काम घरांच्या ऑनलाइन जाहिराती तयार करण्याचं. फोटो मीच काढते, मजकूर मीच लिहिते आणि जाहिरातीवर दिलेला फोनही माझ्याच टेबलावर वाजतो. त्यामुळे जाहिरातीत काय सांगायचं राहिलं, ते मला दुसऱ्याच दिवशी फोनवर ऐकायला मिळतं. "लिफ्ट आहे का?" "कितवा मजला?" "पार्किंगचं काय?" असे फोन दिवसभर येत राहिले की मालक खूश होतात, जाहिरात चालली म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्याचे गुडघे दुखतात त्याने लिफ्ट नसलेल्या तिसऱ्या मजल्यासाठी फोन करायचा, मी त्याला नाही म्हणायचं, आणि दोघांनीही वैतागायचं, याला काही अर्थ नाही. जाहिरातीत ती एक ओळ असती तर तो गुपचूप पुढच्या घराकडे वळला असता. जाहिरात वाचूनच जे बाजूला होतात ते तुमचं काम हलकं करतात, कारण मग येणारा माणूस बघायच्या तयारीने येतो. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलंय.

फोटो: निम्मं काम इथेच

कॅमेरा बाहेर काढण्याआधी पसारा आवरा. सजवायची गरज नाही, फक्त नजर अडेल असं काही ठेवू नका. फ्रिजवरची चुंबकं आणि बिलं, सिंकशेजारचा ओला स्पंज, बाथरूममधले ब्रश, दाराआडचे टांगलेले कपडे, टीव्हीमागची वायरींची जाळी. कमोडचं झाकण खाली. पंखे बंद, नाहीतर फोटोत पात्यांचा धूसर गोळा दिसतो. घरच्यांचे फोटो, भिंतीवरची प्रमाणपत्रं, टेबलावरची औषधं आणि किल्ल्यांचा हूक हेही काढून ठेवा. हा नीटनेटकेपणापेक्षा सुरक्षिततेचा भाग आहे, कारण हे फोटो कोण कोण मोठे करून बघणार आहे ते आपल्या हातात नसतं.

मग उजेड. सगळ्यात जास्त फोटो इथे बिघडतात. पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) असतो आणि खिडकीतला दिवसाचा उजेड ५५०० च्या आसपास. दोन्ही एकत्र आले की एकच पांढरी भिंत एका बाजूला पिवळी आणि दुसऱ्या बाजूला निळसर दिसते. बघणाऱ्याला कारण कळत नाही, पण खोली जुनाट वाटते. दिवसा पुरेसा उजेड येत असेल तर सरळ दिवे बंद करा. येत नसेल तर एका खोलीतले सगळे बल्ब एकाच रंगाचे लावून घ्या. ऊन थेट खिडकीतून आत येत असेल ती वेळ टाळा. जमिनीवर पांढरा डाग उठतो आणि बाकीची खोली काळवंडते. इमारतीच्या बाहेरच्या फोटोसाठी मात्र उलट: दर्शनी भागावर ऊन असेल तेव्हाच काढा, म्हणजे पूर्वाभिमुख इमारत सकाळी आणि पश्चिमाभिमुख दुपारनंतर.

खिडकीबाहेरचं दृश्य आणि खोली, दोन्ही एका फोटोत नीट आणायचं असेल तर मोबाईलचा एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भाग दोन्ही नीट टिपायची सोय, चालू ठेवा. कॅमेरा असेल तर स्टँडवर लावून तीन फोटो घ्यायचे, एक नेहमीचा, एक गडद, एक उजळ, आणि मग ते एकत्र करायचे. पण यात हात आखडता ठेवा. एचडीआर फार ओढलं की भिंती राखाडी आणि गवत विषारी हिरवं दिसायला लागतं.

कॅमेऱ्याची उंची साधारण छातीइतकी. डोळ्यांच्या उंचीवरून काढला की जमीन जास्त दिसते, कमरेवरून काढला की पलंगाची कड. स्वयंपाकघरात थोडं वर जा, ओट्याचा वरचा भाग दिसला पाहिजे. मोबाईलमध्ये ग्रिड चालू करा आणि दाराची चौकट त्या उभ्या रेषेला समांतर येईपर्यंत मोबाईल सरळ धरा. खाली किंवा वर झुकवला की भिंती पडायला आल्यासारख्या दिसतात. एवढं एक जमलं तरी फोटो निम्मे सुधारतात, आणि त्याला पैसा लागत नाही.

रुंद लेन्सचा मोह सगळ्यांना होतो. लेन्सचे मिलिमीटर जितके कमी तितकी ती रुंद. घरांचे फोटो काढणारे फुल-फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर साधारण १६ ते २४ मिलिमीटरच्या पट्ट्यात राहतात. मोबाईलच्या झूममधलं ०.५ बहुतेक वेळा १३ मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हणजे त्याहूनही रुंद. कडेचा सोफा रबरासारखा ताणला जातो आणि छोटी खोली सभागृह वाटते. फोटो झकास दिसतो, फोन वाजतात, माणसं येतात आणि दारातच म्हणतात, "फोटोत मोठी वाटली होती." हे वाक्य ऐकलं की व्यवहार तिथेच थंडावतो. खोली तशी वाईट नसते, पण आता ते प्रत्येक गोष्टीकडे संशयाने बघतात. त्यामुळे ०.५ फक्त बाथरूमसारख्या अगदी अडचणीच्या जागेत, तेही कडेला काही महत्त्वाचं नसेल तर. बाकी खोल्यांत कोपऱ्यात किंवा दारात पाठ टेकवून १ वरच काढा. आणि बाथरूमच्या आरशात तुम्ही दिसत नाही ना, ते एकदा बघा. मोबाईल धरलेला, वाकलेला माणूस जाहिरातीत दिसणं ही इतकी नेहमीची गोष्ट आहे की आता मला हसूही येत नाही.

फोटो आडवे काढा. रील किंवा स्टेटससाठी उभे, ९:१६ मापाचे, वेगळे काढा. आडव्याला कापून उभा केला की खोलीचा पत्ता लागत नाही. क्रम चालत जाण्याचा ठेवा: बाहेरून इमारत, दार, दिवाणखाना, तिथून आत. बघणाऱ्याच्या डोक्यात नकाशा तयार झाला पाहिजे. पहिला फोटो मात्र या क्रमाबाहेरचा ठेवा. घराची सगळ्यात जमेची बाजू जी असेल ती तिथे. तो निवडताना संगणकाच्या मोठ्या पडद्यावर बघू नका, मोबाईलवर अंगठ्याच्या नखाएवढा करून बघा, कारण लोक तो तेवढाच बघणार आहेत.

फोटो सुधारायचे किती? उजेड, रंग, वाकडेपणा नीट करायला हरकत नाही. खिडकीसमोरचा विजेचा खांब पुसणं, भिंतीची ओल किंवा चीर झाकणं याला मी फसवणूकच म्हणते. आता एआयने रिकाम्या खोलीत मिनिटभरात फर्निचर भरता येतं. भरा, पण त्या फोटोवरच "फर्निचर संगणकावर दाखवलेलं आहे" असं लिहा आणि शेजारी रिकाम्या खोलीचा खरा फोटो लावा. दोन्ही शेजारी असले की लोकांना ते आवडतं, जागेचा अंदाज येतो.

व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबून लहान होतो. जाहिरातीसाठी कुणाला फोटो पाठवायचे असतील तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. पण त्यात एक मेख आहे. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचं अचूक स्थान नोंदलेलं असू शकतं, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठवल्यावर ते तसंच जातं. बंद, रिकामं घर असेल तर पाठवण्याआधी ती माहिती काढून टाका किंवा फोटो काढतानाच कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवा.

नकाशा आणि मापं

आतला आराखडा द्याच. हाताने काढलेला, स्वच्छ, मापं लिहिलेला असला तरी चालतो. आपला पलंग, कपाट, जेवणाचं टेबल बसेल का, हे लोक आराखड्यावरूनच ठरवतात, फोटोंवरून नाही. क्षेत्रफळ लिहिताना ते कसलं, हे लिहा: भिंतींच्या आतलं वापरायचं, की जिना-लॉबीचा वाटा धरून. आकडा एकच आणि अर्थ दोन, यावरून जेवढी वादावादी होते तेवढी किमतीवरूनही होत नाही. वाचणारे दूरदेशीचेही असतील तर चौरस मीटर आणि चौरस फूट दोन्ही द्या. एका चौरस मीटरात १०.७६ चौरस फूट.

घरभर फिरून बघता येईल असं थ्रीडी दर्शन प्रत्येक घराला हवंच असं नाही. २०११ मध्ये सुरू झालेली मॅटरपोर्टसारखी कंपनी हेच करते आणि आता साध्या मोबाईलवरही ते होतं. परगावचा, परदेशातला गिऱ्हाईक असेल किंवा घरात राहता भाडेकरू असेल तर ते सोन्यासारखं. दोन खोल्यांच्या जागेला चांगला आराखडा आणि एक सलग व्हिडिओ पुरतो.

मजकूर

रोज वाचायला मिळणारी जाहिरात अशी: "मोक्याच्या ठिकाणी प्रशस्त, हवेशीर, आलिशान दोन बेडरूमचा फ्लॅट. सर्व सोयी जवळ. सुवर्णसंधी! त्वरित संपर्क साधा." यातला एकही शब्द या घराबद्दल नाही. कुठल्याही घरावर चिकटवा, चालेल.

तेच घर मी असं लिहीन:

"तिसरा मजला, लिफ्ट आहे. दोन्ही बेडरूमच्या खिडक्या पूर्वेला आणि मागच्या अंगणाकडे, त्यामुळे रस्त्याचा आवाज येत नाही. दिवाणखाना पश्चिमेला, बाल्कनीत दुपारनंतर ऊन असतं. ओटा एल आकाराचा, सिंक खिडकीखाली. झाकलेलं पार्किंग एक. दुसरी गाडी बाहेर लावावी लागेल. बाथरूमच्या फरश्या जुन्या आहेत, बदलाव्या लागतील, किंमत ते धरूनच सांगितली आहे. ताबा कागदपत्रं पूर्ण झाल्यावर लगेच."

"हवेशीर" कुठे गेलं? दोन दिशांच्या खिडक्यांत आलं. "शांत" कुठे आहे? मागच्या अंगणात. विशेषण लिहायचा मोह झाला की स्वतःला विचारायचं, मी हे कशावरून म्हणतेय, आणि ते कारणच लिहून टाकायचं. आणि ती फरशीची ओळ. मालक ती काढायला लावतात, दरवेळी. मी त्यांना सांगते, माणूस घरात आला की फरशी बघणारच आहे. आधी वाचून आला तर म्हणतो, "वाचलं होतं, एवढी काही वाईट नाही." न वाचता आला तर फरशीवरून थेट किमतीवर घसरतो. दोन गाड्यांवालाही त्या पार्किंगच्या ओळीवरूनच परत जातो, मला फोन न करता.

शीर्षकात उद्गारचिन्हं नकोत. घराचा प्रकार, परिसर आणि एक वेगळी गोष्ट एवढं पुरे. "दोन बेडरूम, मागच्या बाजूला अंगण, लिफ्ट" हे "स्वप्नातलं घर" पेक्षा दहापट कामाचं आहे, कारण लोक शोधताना "स्वप्नातलं" असं टाइप करत नाहीत.

घर कुणासाठी आहे ते लिहू नका, घर कसं आहे ते लिहा. "नवविवाहितांसाठी उत्तम", "अमुक प्रकारच्याच कुटुंबाला" असलं लेखन माणुसकीला धरून नाहीच, शिवाय बऱ्याच ठिकाणी ते कायद्याच्या आड येतं. मोठ्या जाहिरात-मंचांनाही हे शिकावं लागलं. अमेरिकेत भेदभावाच्या दाव्यांवर २०१९ मध्ये झालेल्या तडजोडीनंतर फेसबुकने तिथल्या घरांच्या जाहिराती वय, लिंग किंवा झिपकोड (तिथला पिनकोड) बघून ठरावीक लोकांनाच दाखवायची सोय काढून टाकली, आणि पुढच्या वर्षी गुगलनेही तसेच निर्बंध आणले. तुमच्याकडे नियम काय आहेत ते बघा आणि जाहिरात टाकताना घरांसाठीचा वेगळा प्रकार विचारला तर तो प्रामाणिकपणे निवडा.

किंमत

लिहा. "किंमत फोनवर" म्हणजे फोन करा आणि मग निराश व्हा. पोर्टलवर शोधणारे बहुतेक जण आधी किमतीची मर्यादा घालतात. किंमत नसलेलं घर त्या गाळणीतून अनेकदा बाहेरच पडतं. गाळणीच्या मर्यादा गोल आकड्यांत असतात हेही लक्षात ठेवा. गोल आकड्याच्या किंचित वर किंमत ठेवली तर त्या आकड्यापर्यंत शोधणाऱ्यांना घर दिसतच नाही.

कुठे टाकायचं

पोर्टल हवंच, गिऱ्हाईक तिथेच शोधतं. पण प्रत्येक घराचं स्वतःचं एक साधं वेब पान असावं, म्हणजे फोनवर कुणी विचारलं की एकच लिंक पाठवता येते. त्या पानावर फोटो २००० पिक्सेल रुंदीपर्यंत आणून टाका. कॅमेऱ्यातून आलेले जसेच्या तसे टाकले की पान उघडेपर्यंत माणूस निघून जातो. पानावरचा मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसावा असं गुगलचं माप आहे. लिंक पाठवल्यावर खाली जी चौकट दिसते तिच्यात घराचा फोटो यावा म्हणून पानाला १२०० बाय ६३० पिक्सेलचं चित्र जोडून घ्या. पान बनवणाऱ्याला "ओपन ग्राफ इमेज" म्हणा, त्याला कळेल.

गुगल मॅप्सवर विकाऊ घराची नोंद करू नका. गुगलच्या नियमात ते बसत नाही, विक्रीच्या कार्यालयाची नोंद मात्र चालते. एजंट असाल तर तुमच्या कार्यालयाची नोंद नीट भरा आणि व्यवहार पूर्ण झाल्यावर लोकांना प्रामाणिक अभिप्राय लिहायला सांगा. वाईट अभिप्रायालाही शांतपणे उत्तर द्या. नवा माणूस तक्रारीपेक्षा ते उत्तर जास्त बारकाईने वाचतो.

व्हिडिओ एका दमात, दारापासून शेवटच्या खोलीपर्यंत, हळू चालत काढा. मागे संगीत नसलं तरी चालेल. खिडकी उघडून बाहेरचा आवाज ऐकवा, पायऱ्यांचा, रस्त्याचा. यूट्यूबवर वर्णनात ०:०० पासून वेळा लिहिल्या तर व्हिडिओचे भाग पडतात. निदान तीन वेळा हव्यात आणि प्रत्येक भाग किमान १० सेकंदांचा. ज्याला फक्त स्वयंपाकघर बघायचंय तो थेट तिथे जातो.

व्हॉट्सअॅप बिझनेसमध्ये तयार उत्तरं आणि लेबलं आहेत, ती वापरा: "विचारणा", "भेट ठरली", "पुन्हा येणार". ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकाच वेळी अनेकांना पाठवायच्या निरोपावर, फार विसंबू नका. एका यादीत २५६ जण बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच निरोप पोहोचतो. आणि न विचारता कुणाला यादीत घालू नका. लोक ब्लॉक करतात, आणि तो नंबर कायमचा गेला.

पैसे देऊन जाहिरात करायची तर आधी वरचं सगळं झालेलं असू द्या. वाईट फोटोवर पैसा लावला की तोच वाईट फोटो जास्त लोक बघतात, एवढंच. फेसबुकच्या तयार फॉर्ममध्ये नाव-नंबर आपोआप भरलेले असतात, त्यामुळे झोपेत अंगठा लागला तरी चौकशी येते. फॉर्ममध्ये एकदोन प्रश्न हाताने भरायचे ठेवा, "कधीपर्यंत घ्यायचंय?" हा एक पुरे. चौकश्या कमी येतील. येऊ देत.

फोन आला की

पटकन उत्तर द्या, यासारखं फुकटचं मार्केटिंग नाही. हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूने २०११ मध्ये एक पाहणी छापली होती. घरांपुरती नव्हती, वेगवेगळ्या धंद्यांतल्या ऑनलाइन चौकश्यांची होती. तासाभरात संपर्क करणाऱ्यांना, त्यानंतर तासाने करणाऱ्यांच्या तुलनेत, निर्णय घेणाऱ्या माणसाशी कामाचं बोलणं होण्याची शक्यता जवळजवळ सातपट होती. कारण उघड आहे, ज्याने तुम्हाला विचारलं त्याने त्याच बैठकीत आणखी चार जणांना विचारलेलं असतं.

प्रत्येक फोनला "कुठे बघितलंत?" हे विचारा आणि वहीत लिहा. लिंकांना यूटीएमची शेपटी (माणूस कुठून आला ते नोंदवणारी जोड) लावली की कुठल्या लिंकवरून किती आले ते संगणकावर दिसतं, पण वहीची सर त्याला नाही. वहीत "लिफ्टबद्दल विचारलं" अशी नोंद तिसऱ्यांदा आली की जाहिरातीत लिफ्ट वर घ्यायची, एवढं सोपं आहे.

पंधरवड्याने आकडे समोर घेऊन बसते तेव्हा मी असं वाचते. जाहिरात फार कुणी उघडतच नसेल तर पहिला फोटो किंवा किमतीचा टप्पा चुकलाय. उघडतात पण विचारत नाहीत, तर किंमत जास्त वाटते आहे किंवा आराखडा नाही. फोन भरपूर आणि भेटी कमी असतील तर मजकुरात काहीतरी लपलंय. भेटी भरपूर आणि बोली एकही नाही, तर फोटोंनी घरापेक्षा जास्त बोलून ठेवलंय. हे शेवटचं दुखणं सगळ्यात महागडं, कारण त्यात मालकाचे रविवार जातात. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळे फरक पडला ते कळत नाही.

अधूनमधून आपलेच फोटो गुगल लेन्सवर टाकून शोधा. चोरलेले फोटो लावून अर्ध्या किमतीत तेच घर दाखवायचं आणि टोकन आधी मागायचं, हा ठगांचा जुना उद्योग आहे. फोटोवर बारीक अक्षरात नाव-नंबर टाकल्याने चोरी थांबत नाही, पण फसणाऱ्याला निदान खरा नंबर सापडतो. असं काही दिसलं की पोर्टलला लगेच कळवा आणि आपल्या पानावर तसं लिहा.

घर विकलं गेलं की त्याच दिवशी जाहिरात सगळीकडून उतरवा: पोर्टल, पान, व्हिडिओचं वर्णन, ग्रुपमधली पोस्ट. विकलेलं घर दाखवत ठेवून फोन गोळा करणारे आहेत, आणि लोकांना ते कळतं. वहीतल्या ज्यांनी "पुन्हा येतो" म्हटलं होतं त्यांना एका ओळीचा निरोप पाठवा, की ते घर गेलं, आणि तशाच मापाचं दुसरं आलं तर कळवू का. होय म्हणणाऱ्यांची नावं नव्या पानावर उतरवून घ्या. पुढच्या घराची जाहिरात लिहायला बसाल तेव्हा पहिला निरोप त्यांनाच जाईल.